संरक्षक चष्मा घातल्याने सैनिकाचा नेम चुकतो का?

थोडक्यात उत्तर: चांगल्या प्रतीचा, स्वच्छ आणि चेहऱ्यावर नीट बसणारा चष्मा सहसा नेम बिघडवत नाही. वाफ, ओरखडे, चुकीचा नंबर किंवा सैल फ्रेम मात्र बिघडवू शकतात.

चष्मा का गरजेचा?
शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी डोळ्यांचा भाग जेमतेम ०.१ टक्के असतो. तरीही १९९१ च्या आखाती युद्धात जखमींमध्ये डोळ्यांच्या इजांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. यातल्या बऱ्याच इजा स्फोटातून उडणाऱ्या बारीक तुकड्यांमुळे होतात. पॉलीकार्बोनेटची भिंग असे तुकडे अडवू शकते.

नेमावर परिणाम कशामुळे होतो?
• वाफ: घाम आणि दमट हवेमुळे भिंगावर वाफ धरते व लक्ष्य अंधुक दिसते.
• ओरखडे: पॉलीकार्बोनेट मजबूत असले तरी त्यावर चरे लवकर पडतात. उन्हात त्यामुळे डोळ्यांवर चमक येते.
• पाहण्याची दिशा: पोटावर झोपून नेम धरताना मान वाकते. नजर भिंगाच्या मध्यातून न जाता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते. नंबर जास्त असेल तर तिथून लक्ष्य थोडे सरकलेले किंवा पुसट दिसू शकते.
• फ्रेम: जाड कडा नजरेआड येते किंवा गाल रायफलच्या दस्त्याला नीट टेकत नाही.
• गडद भिंग: संध्याकाळी व रात्री कमी दिसते. तेव्हा पारदर्शक भिंगच वापरावी.

काय करावे?
नंबर असल्यास डोळे तपासून घ्या. संरक्षक चष्म्याच्या आत बसणारी नंबरची फ्रेम मिळू शकते. साधा चष्मा हा संरक्षणाचा पर्याय नाही. भिंग कोरड्या कापडाने घासू नका, आधी पाण्याने धुवा. सराव नेहमी चष्मा घालूनच करा, म्हणजे डोळ्यांना सवय होते. अडचण आली तर चष्मा काढून ठेवू नका, बदलून घ्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?
डोळ्याला मार लागून दिसणे कमी झाले, रक्त आले किंवा काही रुतले असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, रुतलेली वस्तू ओढू नका. डोळ्यावर दाब न येईल असे कागदी कपासारखे झाकण लावून ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे जा.