अशक्यावर हसणारा प्रेक्षक

अदृश्य करणारे यंत्र, परग्रहावरून उतरलेला पाहुणा, भूतकाळात नेणारे वाहन अशा कल्पनांवर बेतलेले विनोदी चित्रपट भारतात मोजकेच निघाले. त्यांना प्रेक्षकांनी कसे स्वीकारले, हे समजून घ्यायला विज्ञानकथेचा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. त्या स्वीकाराची मुळे लोकनाट्यात आहेत आणि ते लोकनाट्य आजही रात्रभर जागते असा प्रदेश म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीची झाडीपट्टी.

भंडारा-गोंदियापासून खाली गडचिरोलीपर्यंतचा हा धानाचा मुलूख. धान निघाले की हातात चार पैसे आणि थोडी उसंत येते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती रंगतात, आणि होळीपर्यंत रात्री नाटकांच्या असतात. या नाटकांआधीची परंपरा दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांची. दंडारीत पुरुषच लुगडे नेसून बाईचे काम करतो. खडीगंमतीतला सोंगाड्या दरबारात राजाशी बोलता बोलता गावच्या पाटलाची थट्टा करतो, आणि रंगमंचावर एक फेरी मारली की दुसऱ्या नगरात पोहोचलेला असतो. हे कसे शक्य आहे, असे कोणी विचारत नाही. तर्क बाजूला ठेवण्याचा करार प्रेक्षकाने आधीच केलेला असतो. त्याच्या मोबदल्यात त्याला हसू हवे असते, आणि ते आपल्या जगण्यावरचे हवे असते.

आजच्या झाडीपट्टी नाटकाचे व्यवहाराचे गाव वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाट्यमंडळांची कार्यालये तिथे आहेत आणि गावोगावची मंडळे तिथूनच प्रयोग ठरवतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. कथानक कितीही रडवणारे असले तरी त्यात विनोदी पात्र असावेच लागते. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे अशाच भूमिकांनी घराघरात पोहोचले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वृत्तपत्रातल्या परीक्षणाचा इथे फारसा उपयोग नाही. पहाटेपर्यंत मांडव भरलेला राहिला की नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच मंडळाला पुन्हा बोलावणे आले की नाही, हीच इथली समीक्षा. ती लिखित समीक्षेपेक्षा कमी दर्जाची मानण्याचे काही कारण नाही. तिच्यात निदान सगळ्यांनी प्रयोग शेवटपर्यंत पाहिलेला असतो.

सिनेमा आला तेव्हा हाच करार पडद्यावर गेला. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ते रूप प्रेक्षकांनी भक्तिभावाने पाहिले. फाळक्यांचा दुसरा पैलू मात्र आज कमी आठवला जातो. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्या नाचवल्या आणि ‘प्रोफेसर केळफा’मध्ये स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ते स्वतः जादूगार झाले. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली चंद्रावर स्वारी करणाऱ्या विद्वानांची फजिती दाखवली होती. तेही मूळचे जादूगारच. विज्ञानकल्पना, स्वप्नवत दृश्य आणि विनोद यांचा मेळ पडद्यावर पहिल्यांदा घातला तो जादूच्या खेळातून आलेल्या माणसाने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गडचिरोलीतल्याच अहेरीकडे आणखी एक धागा मिळतो. प्राणहितेच्या काठावरच्या या भागात माडिया, गोंडी, मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. नदीपलीकडे तेलंगण आहे. तेलुगूतला ‘मायाबाजार’ (१९५७) अभिमन्यूच्या लग्नाची कथा सांगतो. त्यातली नायिका शशिरेखा म्हणजे मराठी परंपरेतली वत्सला. घटोत्कच लग्नाच्या पंगतीचे सगळे पक्वान्न एकटा फस्त करतो आणि मायेने शशिरेखेचे रूप घेऊन वरपक्षाची भंबेरी उडवतो. पुढे १९९१ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांनी ‘आदित्य ३६९’मध्ये नायकाला काळयंत्रातून कृष्णदेवरायाच्या दरबारात पाठवले. घटोत्कचाच्या मायेचे काम तिथे यंत्राने केले, आणि तेलुगू प्रेक्षकाने तो बदल आनंदाने मान्य केला.

हिंदीत ‘मिस्टर इंडिया’ने (१९८७) हीच वाट धरली. शास्त्रज्ञ बापाने बनवलेल्या यंत्रामुळे नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. हा एक नियम पटकथेने शेवटपर्यंत पाळला. अद्भुताला नियम असला की प्रेक्षक त्यात सहभागी होतो. लाल दिवा दिसताच पुढचा धोका त्याला नायकाच्या आधी कळतो. त्यातल्या एका प्रसंगात अदृश्य नायक हनुमानाची मूर्ती उचलून गुंडांना बडवतो. गुंडांना तो चमत्कार वाटतो, खरी गोष्ट फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते. मराठीत महेश कोठारे यांनी ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) बाटलीत बंद असलेला लक्ष्मीकांत बेर्डे आणला आणि ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू. ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी असलेले साम्य जाणकारांनी दाखवले, आणि ते खरेच आहे. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आणि त्याला मिळालेला दिलीप प्रभावळकरांचा चेहरा-आवाज इतका इथला झाला, की उसनेपणाचा आक्षेप प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. मराठी चित्रपटाने यंत्रापेक्षा मंत्रावर भर दिला. खर्चाचे कारण त्यामागे असेलही, पण परंपरेचे कारण अधिक मोठे वाटते.

हा सगळा करार एकदाच मोडायला आला, तो ‘पीके’च्या वेळी. नागपुरात वाढलेल्या राजकुमार हिरानी यांचा हा चित्रपट १९ डिसेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. राजस्थानच्या वाळवंटात उतरलेल्या परग्रहवासीयाचे यानाला बोलावणारे यंत्र चोरीला जाते आणि ते परत मिळावे म्हणून तो देवाला शोधत सुटतो. त्याला धर्माच्या खुणा कळत नाहीत, कपड्यांचा अर्थ कळत नाही. म्हणून तो जे विचारतो ते विनोदी असते आणि अडचणीचेही. काम तेच, सोंगाड्याचे. फक्त तो दुसऱ्या ग्रहावरून आला आहे.

समीक्षकांनी पूर्वार्धातल्या निरागस विनोदाची आणि आमिर खान यांच्या कामाची वाखाणणी केली. उत्तरार्ध उपदेशाकडे झुकतो, प्रेमकथा ओढून आणल्यासारखी वाटते, असे आक्षेपही घेतले. गुजराती नाटकावरून झालेल्या ‘ओह माय गॉड’शी (२०१२) तुलना झाली आणि ती टाळण्याजोगी नव्हती. उपदेशाचा आक्षेप रास्त आहे. शेवटच्या वादविवादात परग्रहवासी प्रश्न विचारणे थांबवून उत्तरे देऊ लागतो आणि तिथे विनोद सुटतो.

रस्त्यावरची प्रतिक्रिया निराळी होती. हिंदुत्ववादी संघटनांनी चित्रपटगृहांपुढे निदर्शने केली, काही ठिकाणी तोडफोड झाली, बंदीची मागणी न्यायालयात गेली आणि टिकली नाही. सेन्सॉर मंडळाच्या तत्कालीन अध्यक्ष लीला सॅमसन यांनी संमत झालेली दृश्ये कापण्यास नकार दिला. उत्तर प्रदेश आणि बिहार सरकारांनी चित्रपट करमुक्त केला. या गदारोळात गर्दी ओसरली नाही. देशात ३०० कोटींहून अधिक निव्वळ कमाई करणारा तो पहिला हिंदी चित्रपट ठरला. परग्रह, यान, हात धरून भाषा शिकणे यांतल्या कशावरही कोणी आक्षेप घेतला नाही. भांडण झाले ते केवळ थट्टा कोणाची झाली यावरून.

झाडीपट्टीच्या रात्रींवर सिनेमाने आणि पुढे मोबाइलने मात केली नाही. करोनामुळे २०२० चा हंगाम बुडाला, त्यानंतर मांडव पुन्हा उभे राहिले. २०२२ साली तृशांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ने तिथल्याच कलावंतांना घेऊन नाट्यमंडळांमधली चुरस पडद्यावर आणली.