सुप्याचा बाजार, 12 मे 1875

बूट इथेच काढून ठेवा. सदरा, धोतर आणि डोक्याला मुंडासं एवढं पुरे. मोबाइल तर आणूच नका. सन 1875, मे महिन्याची 12 तारीख, वार बुधवार. तुम्ही मोरगावच्या बाजूने पायी सुप्याकडे निघाला आहात. हल्ली या माळांवर मयूरेश्वर अभयारण्याची पाटी लागलेली आहे, चिंकारा बघायला पुण्याहून गाड्या येतात. तेव्हा पाटी नाही, गवत आणि बाभळी आहेत. चिंकारा दिसला तरी रेंगाळू नका, बाजार गाठायचा आहे.

सुपं हे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतलं परगण्याचं ठिकाण, आता भीमथडी तालुक्यातलं बाजाराचं गाव. शेरडं, मिरची, घोंगड्या, जोंधळा, सगळं मांडलेलं आहे. पण गर्दी मोठी आणि सौदे थोडे, हे थोड्या वेळात तुमच्या ध्यानात येतं. माणसं घोळक्याने उभी आहेत आणि नजरा गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांकडे लागल्या आहेत.

एक म्हातारा कुणबी तुम्हाला गाठतो.

"पाव्हणं, वाचाया येतंया का?"

मुंडाशाच्या घडीतून तो एक कागद काढतो. अक्षर मोडी. तुम्हाला चार शब्दांपुढे काही लागत नाही, त्याला तेवढंही नाही. खाली त्याच्या नावाशेजारी मात्र नांगराचं बोटभर चित्र आहे, घाईत ओढलेलं, फाळ जरा वाकडा. ही त्याची सही. 'निशाणी नांगराची' म्हणतात ती. ज्या नांगरावर पोट, तोच काढून रान गहाण टाकायचं.

"बाप गेला तवा चाळीस रुपय व्हतं. आता दीडशाच्या वर गेलंया म्हनं."

कसं गेलं, हे त्याला सांगता येत नाही, तुम्हाला येईल. 1859 च्या कायद्याने अशा कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाला वाचवण्याचा. सावकाराने केलं काय, तर मुदत सरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. पुन्हा नांगर, पुन्हा तीन वर्षं. त्यात अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, इकडचे भाव चढले आणि सावकार मागेल त्याला उधार देत सुटले. युद्ध थांबलं तसे भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास इंदापूर तालुक्यापासून सरकारने साऱ्याची फेरआकारणी सुरू केली आणि सारा भरमसाट वाढवला. सावकाराने हात आखडले, सरकारने पुढे केले. म्हाताऱ्याला यातलं अमेरिका हे नावही ठाऊक नाही.

पहिला दगड कोणाचा, ते बघायला जाऊ नका, दिसणार नाही. एकाएकी दुकानांच्या फळ्या मोडल्याचा आवाज येतो आणि तुम्ही लोटले जाता. कापड चाललंय, धान्य चाललंय, कुणी तागा काखोटीला मारून पळतंय. लूट ती लूटच, तिला गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. पण आरडाओरडा ऐका: "वह्या काढा! खतं काढा!" लाल कापडात बांधलेल्या वह्या बाहेर येतात आणि रस्त्यातच पेटतात.

पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पोचलं. बहुतेक ठिकाणी ज्याने रोखे मुकाट्याने दिले, त्याच्या जिवाला कुणी हात लावला नाही. एवढा संताप आणि रक्तपात जवळजवळ नाही, याची नोंद सरकारलाही घ्यावी लागली. मात्र आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. जळाल्या त्या प्रामुख्याने परप्रांतातून आलेल्या मारवाड्या-गुजरांच्या वह्या. व्याज खाणारे इथलेही होते. त्यांची दप्तरं बहुतांशी शाबूत राहिली. शेतकऱ्यांच्या उठावाचं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं, ते राहू नये.

आता निघा. पुण्याहून पोलीस आणि फौज येईल, दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसं धरली जातील आणि कागद वाचता न येणारा पाहुणा त्यांना आयताच सापडेल. म्हातारा कुठे गेला, कळत नाही.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने रोख्यावरचा आकडा प्रमाण मानण्याचं बंधन काढलं: कोर्टाने पहिल्या कर्जापर्यंत मागे जाऊन मुद्दल किती आणि व्याज किती, ते वेगळं काढायचं होतं.