रंगभवन बंद झालं तेव्हा मी बालवाडीत होतो

आजचा भाग रॉक कॉन्सर्टवर आहे आणि तो मी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातून, घरूनच रेकॉर्ड केला. मध्येच घरघर ऐकू आली तर समजून घ्या, विमानतळ शेजारी आहे आणि कोस्ट गार्डची विमानं आमची वेळ बघून उडत नाहीत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललो तसाच, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत. सगळे नाही निघाले.

मी तसा उशिरा आलेला फॅन. बीटेक संपलं त्या वर्षी, २०१९ मध्ये, पुण्याला एनएच सेव्हन वीकेंडरमध्ये ओपेथला ऐकलं. पुढच्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू. त्यांच्या ‘द जोशुआ ट्री’ टूरचा तो शेवटचा शो. ए. आर. रहमान मुलींना घेऊन स्टेजवर आले होते. मी इतक्या मागे होतो की बोनो माझ्यासाठी करंगळीएवढा होता. पण आवाज? अगदी कानाशी.

हे कसं होतं ते सांगतो, कारण मला यातच जास्त मजा येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर उभे असाल तर ड्रमचा ठोका तुमच्यापर्यंत सुमारे ०.३ सेकंदानं पोचतो. म्हणून मैदानात मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. आम्ही कोडमध्ये डिले टाकला की मॅनेजर ओरडतो, इथे त्याचेच पैसे मिळतात.

शो संपल्यावर लोकलनं पनवेल, तिथून मध्यरात्रीनंतर कोकणकन्या, आणि पहाटे रत्नागिरी. जनरलच्या डब्यात दाराशी बसून डोक्यात एकच प्रश्न होता. आपल्या आधीच्या पिढीतल्या पोरांनी हे कुठं ऐकलं असेल?

तर मंडळी, इथून आपला इतिहास सुरू होतो.

मुंबईत रॉक खूप आधी आलं होतं. १९७० आणि १९७१ मध्ये ‘सिमला बीट’ नावाची बँडची स्पर्धा व्हायची. पैसा सिगारेट कंपनीचा, पण त्यामुळे आपल्याकडच्या बँडची गाणी रेकॉर्डवर आली. १९७१ मध्येच लोणावळ्याच्या पुढे मळवलीला ‘स्नेहयात्रा’ झाली, उघड्यावरचा मोठा रॉक महोत्सव. तेच मळवली, जिथं आपण कार्ल्याच्या लेण्यांसाठी उतरतो! १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले आणि मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा बँड मुंबईत वाजवून गेला. त्यातला स्टिंग २०२४ च्या जानेवारीत लोलापालूझासाठी पुन्हा मुंबईत गायला, ४४ वर्षांनी.

पण हे सगळे पाहुणे. घरचं अंगण म्हणावं अशी जागा एकच होती, रंगभवन.

धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, सरकारी मालकीचं खुलं नाट्यगृह. वर छप्पर नाही. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा तिथं व्हायची. आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’, म्हणजे आय-रॉक. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, भर पावसाळ्यात, उघड्यावर. आयडिया कुणाची ते माहीत नाही पण माणूस कोकणातला असावा, भिजायची सवय असल्यासारखा!

त्या काळात बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. रॉक मशीननं १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ही मोठी उडी होती. पुढे त्याच बँडचं नाव इंडस क्रीड झालं. १९९४ मध्ये सुरू झालेला पेंटाग्राम, म्हणजे विशाल ददलानीचा बँड, २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरीपर्यंत गेला.

मग रंगभवनचं झालं काय? सन २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. दिवसा मर्यादा ५० डेसिबल, रात्री ४०. आता नकाशा उघडा आणि धोबी तलावला झूम करा. एका बाजूला झेवियर्स, जवळच कामा हॉस्पिटल आणि जीटी हॉस्पिटल. पन्नास डेसिबल म्हणजे आपण साधं बोलतो त्याहूनही कमी. मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथं बंद झाले.

ऑनलाइन फॅन लोक या नियमाला शिव्या घालतात. मीही घातल्या असत्या, पण आमच्या आत्याचे यजमान तिथल्याच एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. त्यांना विचारलं, “काका, तुम्ही ऐकलंत काय कधी?”

“ऐकायला लागायचंच,” ते म्हणाले. “गाणं कळायचं नाही रे, ठोका कळायचा. पेशंटच्या खाटेला हात लावलास तर थरथर लागायची. सिस्टर खिडक्या लावून घ्यायच्या.” थोडं थांबून म्हणाले, “पण बंद केलंनी तेव्हा गल्ली मेल्यासारखी झाली.”

मला वाटतं दोन्ही वाक्यं खरी आहेत. नियम बरोबर होता. राग येतो तो याचा, की शहराच्या मध्यात, स्टेशनच्या जवळ, सरकारी मालकीची तशी दुसरी जागा कुणी उभारली नाही. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट ग्राउंडवर गेलं, मध्ये बरीच वर्षं थांबलं आणि २०२२ मध्ये परतलं. मोठे शो बांद्रा-कुर्ला संकुलात गेले. २००८ च्या १ फेब्रुवारीला आयर्न मेडननं जागतिक टूरची सुरुवातच तिथून केली, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत होता. आता स्टेडियम आणि रेसकोर्स. मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मीला ग्रीन डे ऐकताना मी भान विसरून नाचलो, खोटं कशाला बोलू. पण तिकीट, प्रवास आणि एका रात्रीचा लॉज यांचा हिशेब केला तर एमआयडीसीत शिफ्ट करणारा माझा मित्र त्या मैदानात असूच शकत नव्हता. माझ्या पगारातून मी गेलो. प्लेलिस्ट मात्र त्याच्याकडूनच आलेली.

गर्दीत उभं राहून रात्र काढणं आम्हाला नवीन नाही. नमन, जाखडी, शिमग्याची पालखी, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून उत्तरं देतायत आणि मैदान भरलेलं. पहिल्यांदा मॉशपिट बघितला तेव्हा मला पालखी नाचवतात तेच आठवलं. फरक एवढाच की गावच्या मैदानात माझा मित्र सगळ्यात पुढे असतो.

आणखी एक गोष्ट. माझ्या वयाच्या पोरांना ‘रंगभवन’ हा शब्द संगीतामुळे माहीतच नाही. आपण तो ऐकला २६ नोव्हेंबर २००८ ला, टीव्हीवर. कामा हॉस्पिटलजवळच्या ज्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आलं, तिला लोक रंगभवन गल्ली म्हणतात. मागच्या वेळी मुंबईत गेलो तेव्हा सीएसएमटीवरून चालत तिकडे गेलो. हॉस्पिटलच्या बाजूला खरंच शांत होतं. नातेवाईक डबे घेऊन चाललेले, कॉलेजची पोरं इअरफोन घालून.

तर तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कुणी काका, मामा, आत्या रंगभवनला गेले असतील तर त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. कोणता बँड, कोणतं साल, पाऊस होता की नाही, घरी काय सांगून गेले होते, परतायला शेवटची लोकल मिळाली का. जुन्या तिकिटाचं अर्धुक सापडलं तर त्याचा फोटो, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला लोकांनी काय काय लिहून ठेवलेलं असतं.