बिल्ल्यामागचे दफ्तर

पाळीव कुत्र्याच्या गळ्यातील बिल्ला ही धन्याच्या ममतेची खूण होय, असा आपला सर्वसाधारण समज असला, तरी त्याचा पूर्वेतिहास शोधू लागले म्हणजे ममतेपेक्षा महसूल आणि बंदोबस्त यांचीच दफ्तरे अधिक हाती लागतात. अशी खूण नसली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, ते मुंबईने १८३२ साली पाहिले.

पिसाळलेल्या व बेवारशी कुत्र्यांचा उपद्रव आवरण्यासाठी वर्षातील ठरावीक दिवसांत ती मारण्याचा परिपाठ मुंबई सरकारने १८१३ पासून ठेवला होता. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असे, आणि सर्व अनर्थाचे मूळ माझ्या मते या इनामातच होते. कारण मारलेले जनावर रस्त्यावरचे की कोणाच्या ओट्यावरचे, याची चौकशी करण्यात मारणाऱ्याचा कवडीचाही लाभ नव्हता, आणि घरात शिरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या. पारशी समाजाला तर हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नव्हता. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी घडविण्याचा ‘सगदीद’ हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग असून, डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष योग्य मानला जातो. त्यातच हा प्रकार त्यांच्या पवित्र दिवशी घडला. ६ जून रोजी कोटातील पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही त्या हरताळात सामील झाले, आणि कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. लष्कर बोलावून सरकारने दंगा मोडला खरा, परंतु पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटियांच्या रदबदलीने कुत्री न मारता शहराबाहेर नेण्याचा मार्ग निघाला. आणि १८३४ साली मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला, त्यामागेही हेच प्रकरण होते.

विलायतेत हाच प्रश्न खजिन्याच्या वाटेने सुटू लागला होता. तेथे १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला, १८६७ साली पाच शिलिंगांचा वार्षिक परवाना आला, १८७८ साली तो साडेसात शिलिंगांचा झाला. आणि १९८७ साली तो रद्द झाला तेव्हा त्याचे मोल अवघे ३७ पेन्स उरले होते! मांजर मात्र या सर्व हिशेबातून सहीसलामत सुटले. जे जनावर धन्यालाच आपला मानीत नाही, त्याचा महसूल मागावा तरी कोणाकडे?

आता गळ्यातील खूण कातडीखाली गेली आहे. खांद्यांच्या मध्ये टोचलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप स्वतः काही सांगत नाही, तिला विद्युत्कोषही नसतो; वाचकयंत्र जवळ आणले म्हणजेच ती जागी होते आणि पंधरा अंकांचा एक क्रमांक देते. इंग्लंडने ती कुत्र्यांना २०१६ पासून आणि मांजरांना १० जून २०२४ पासून सक्तीची केली आहे. आपल्याकडे निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याचा कान किंचित कापून खूण करतात. म्हणजे ज्याला धनी नाही, त्याचीही सरकारदरबारी एक ओळख झाली.

चिपमध्ये धन्याचे नाव किंवा पत्ता नसतो. तो असतो नोंदवहीत, आणि नोंदवही आपणहून दुरुस्त होत नाही. म्हणून ज्यांनी अलीकडे घर किंवा दूरध्वनी बदलला असेल, त्यांनी जनावर हरवण्याची वाट न पाहता तेवढी नोंद आजच बदलून घ्यावी.