त्रिवेंद्रमची विटांची विद्यासंस्था

विद्यासंस्थेची नवी इमारत पाहिली की लोक तिचा खर्च विचारतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे आणखी एक गोष्ट विचारतो: तो पैसा गेला कुणाच्या हाती?

त्रिवेंद्रमच्या उल्लूर भागातील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी १९७१ साली उभी केली. मुख्यमंत्री तेव्हा कम्युनिस्ट अच्युत मेनन होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. वास्तुकार लॉरी बेकर, जन्माने इंग्रज. महायुद्धाच्या काळात चीनमधून परतताना ते जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकले आणि तेथे त्यांना गांधीजी भेटले. पाच मैलांच्या आत मिळेल त्या सामानाने घर बांधावे, हा गांधीजींचा विचार ते पुढे जन्मभर सांगत राहिले. ऐकला तो पुष्कळांनी. विटेत उतरविला यांनी.

उल्लूरला भिंतींना गिलावा नाही. खिडक्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी विटांची जाळी आहे. वारा व उजेड आत येतो, चौकट, काच आणि गज यांचा खर्च वाचतो. झाड आडवे आले तर भिंत वळविली, झाड तोडले नाही. बेकर विटा कडेवर उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवीत. त्याने विटा सुमारे पावपट वाचतात, आणि पोकळीतली हवा उन्हाचा ताप अडविते. स्लॅबच्या खालच्या अंगाचे काँक्रीट फारसा भार घेत नाही; तेथे सळयांच्या मधे मंगलोरी कौले बसवून ते सिमेंट वाचवीत.

आता वाचलेला पैसा पाहा. जाळी रचणे, वळणाची भिंत उचलणे हे यंत्राचे काम नव्हे. ठेकेदाराला मधे न घेता बेकर स्वतः जागेवर उभे राहून गवंडी-सुतारांकडून काम करून घेत. सिमेंट-पोलादाचा वाटा घटला, मजुरीचा वाढला. सिमेंट कारखान्यातील कामगारही आमचाच भाऊ, हे आम्ही विसरलो नाही. पण त्याच रुपयात गावात अधिक हातांना काम मिळते. मात्र स्वस्त इमारत म्हणजे स्वस्त मजूर, असा सोयीचा अर्थ लावणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. बचत विटेत करावी, रोजात नव्हे.

विटेच्या भट्टीलाही जळण लागतेच. बेकर ते जाणून होते, म्हणून मातीच्या भिंतींचाही पुरस्कार करीत. १९८५ साली मेनन, राज आणि बेकर यांनी इतरांच्या साथीने कॉस्टफर्ड ही संस्था काढली, आणि २००७ साली बेकर गेल्यावरही तिचे काम चालू राहिले. आमच्याकडील बांधकामांवर पाटी वाहणाऱ्या बाईच्या हाती थापी अजून क्वचितच दिसते.