परमा, शुक्रजंतू आणि वांझपणाचा ठपका

आजचा विषय जरा अवघड आहे. विज्ञान अवघड नाही, चारचौघांत बोलणं अवघड आहे. म्हणून एका शब्दापासून सुरुवात करू. मराठीत 'वांझ' हा शब्द आपण बाईला लावतो, गाईला लावतो, झाडालाही लावतो. पुरुषाला लावत नाही. पुरुषासाठी आपल्याकडे 'नपुंसक' आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. संबंध नीट होतात, सगळं व्यवस्थित आहे, पण वीर्यात शुक्रजंतूच नाहीत, अशा माणसासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. शब्द नाही म्हणजे तसा माणूस नाही, असं आपण शेकडो वर्षं धरून चाललो. मूल नाही झालं की गाऱ्हाणं बाईच्या नावानं, नवस तिचा, उपास तिचे, आणि शेवटी सवतही तिच्यावरच.

आता गंमत बघा. माणसाच्या डोळ्यांनी शुक्रजंतू पहिल्यांदा पाहिला तोच एका आजारी पुरुषाच्या स्रावात. साल 1677, गाव हॉलंडमधलं डेल्फ्ट. लेवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी, भिंगं घासण्याचा नाद असलेला. त्याच्याकडे हाम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी एक नमुना घेऊन आला. रुग्णाला परमा झालेला, म्हणजे गोनोरिया. हामला त्यात शेपटीवाले जीव वळवळताना दिसले होते, आणि ते आजारामुळे, सडण्यातून उपजले असावेत असं त्याला वाटलं. रुग्णाला टर्पेंटाइन दिल्यावर ते मेलेले दिसले, असंही त्यानं सांगितलं. लेवेनहुकनं मग स्वतःचा, निरोगी नमुना तपासला. त्यातही तेच जीव! तेव्हा कळलं की हा रोग नव्हे, हे बीज आहे. आपण मराठीत 'शुक्रजंतू' म्हणतो त्यातही तो गोंधळ थोडा उरलाच आहे. 'जंतू' म्हटलं की आपल्याला आजारच आठवतो.

पण जंतू आणि शुक्रजंतू यांचं वैर काय असतं, हे कळायला पुढे दोनशे वर्षं गेली. 1872 मध्ये न्यूयॉर्कमधल्या नोएगराथ या डॉक्टरनं लिहिलं की नवऱ्याचा परमा वरवर बरा दिसला तरी आत दबून राहतो आणि बायकोला वंध्यत्व देतो. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. सात वर्षांनी, 1879 मध्ये, नाइसरनं परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा हळूहळू आवाज बदलला.

पुरुषाच्या शरीरात होतं काय? वृषणात तयार झालेले शुक्रजंतू एका बारीक, गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकतात. तिला एपिडिडिमिस म्हणतात. उलगडली तर ती साधारण 6 मीटर भरते. परम्याचा जंतू मूत्रमार्गातून उलटा चढत तिथवर गेला की सूज येते, दुखतं, ताप येतो. मग बरं वाटतं. पण जखम भरताना वण पडतो आणि नळी बुजते. दोन्ही बाजूंना असं झालं तर कारखाना चालू, रस्ता बंद. माणसाला बाहेरून काहीच कळत नाही. 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं, जंतू मरू लागला, पण आधीच बुजलेली नळी औषधानं उघडत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात, मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारा मोठा जिल्हा. बाप्ये चाळीत, बायका गावी, भेट गणपतीला आणि शिमग्याला. सगळे चाकरमानी वाईट वागत होते असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण ज्याला परमा लागला तो बोटीत बसून घरी येई, आणि वर्षं गेली तरी पाळणा हलला नाही की बोलणी सून खाई. सरकारचं डोकंही वेगळं नव्हतं. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानं वेश्यांची सक्तीनं तपासणी होई, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नाही. तो कायदा 1888 मध्ये रद्द झाला.

या सगळ्याला मराठीतून तोंड फोडलं ते इथल्याच माणसानं. रघुनाथ धोंडो कर्वे, दापोलीजवळच्या मुरूडचे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यांना आपण तेवढ्यासाठीच ओळखतो. पण त्याच सुमारास त्यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही पुस्तक लिहिलं, हे आपण विसरतो. 1925 मध्ये नोकरी सोडावी लागली. 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं आणि 1953 मध्ये ते जाईपर्यंत चाललं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. 1934 चा अश्लीलतेचा खटला या उत्तरांवरूनच झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे दापोलीच्या शेजारचा. खटला हरले, दंड भरावा लागला. आमच्या मते ती हार वकिलाची नव्हती, ऐकायला तयार नसलेल्या समाजाची होती.

आज चित्र किती बदललं? परम्याबरोबर क्लॅमिडिया आला, तो तर बऱ्याचदा लक्षणंही दाखवत नाही. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू शुक्रजंतूंना चिकटून त्यांचे गठ्ठे करतो, मग ते पोहणार कसे? क्षयरोग वीर्यनलिकांपर्यंत पोचतो. वयात आल्यावर गालगुंड झाले तर वृषण सुजू शकतात. शिवाय शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना जे तिखट प्राणवायूचे कण सोडतात त्यांनी शुक्रजंतूंचं आवरण आणि आतला डीएनए बिघडतो. वीर्यात दर मिलिलिटरला या पेशी 10 लाखांच्या वर गेल्या तर डॉक्टर संसर्गाचा संशय घेतात. मात्र नमुन्यात जंतू सापडला म्हणजे वंध्यत्व त्याच्यामुळेच, असं लगेच म्हणता येत नाही. यावर अजून वाद आहेत. आणि शुक्रजंतू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, म्हणून उपचारानंतर तपासणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात. आठवड्यात फरक पडेल म्हणून रिपोर्ट घेऊन धावू नका.

वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुई नाही, टाका नाही. तरीही सून सोनोग्राफी, एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी असं सगळं करून येते, आणि तोवर नवरा लॅबच्या दारात गेलेला नसतो.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून इकडे पाठवा. नाव घालायची गरज नाही.