मुलकोवालचा चिमटा



लस म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तिचा शोध लावणारा शास्त्रज्ञ उभा राहतो. बाटल्या धुणारा, बूच उघडणारा, चिमटा ज्योतीवर धरणारा मदतनीस कोणाच्या ध्यानींमनींहि नसतो. परंतु प्रयोगशाळेची सारी भिस्त अखेर त्याच्या हातांवर असते. मुंबईच्या इतिहासांतील एका प्रकरणावरून हें चांगलें कळून येतें.

१८९६ सालीं मांडवी भागांत गांठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, सांथ उद्भवली. डॉ. वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेली लहानशी जागा आणि हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं कामास आरंभ केला. बोकडाच्या मांसाच्या रसांत ते तुपाचे थेंब सोडीत. त्या तरंगणाऱ्या थेंबांखालीं जंतूंची वाढ झुंबराच्या लोलकांप्रमाणें लोंबूं लागे. पात्र हलविलें कीं लोलक तळाशीं बसत आणि पुन्हां नवे धरत. पुढें तो रस तापवून जंतु मारीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुषीनें पुढें आलेल्या कैद्यांना ती टोंचण्यांत आली, आणि टोंचलेले व न टोंचलेले यांची तुलना करण्यांत आली. औषध कसोटीस लावण्याची रीत तीच आहे.

१८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. तेथून लशीच्या बाटल्या देशभर जात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं पांच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण पुढें धनुर्वातानें दगावले. हे सर्व एकाच बाटलीचे होते. बाटल्यांवर क्रमांक होते व टोंचलेल्यांची नोंद होती, म्हणूनच इतर चार बाटल्या निर्दोष ठरल्या. वहींत नीट टिपून ठेवणें हाहि प्रयोगशाळेच्या शिक्षणाचा भागच नव्हे काय?

चौकशी कमिशननें दोष परळकडे दिला. हाफकिन यांनीं कार्बोलिक ॲसिड घालणें सोडून केवळ उष्णतेवर विसंबण्याची रीत चालविली होती, तिच्यावर संशय आला. त्यांना प्रयोगशाळेचें प्रमुखपद गमवावें लागलें. परंतु साक्षींत आणखी एक गोष्ट निघाली होती. ती बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो जंतुनाशक पाण्यांत नुसता विसळून त्यानेंच बूच काढण्यांत आलें. धनुर्वाताचीं बीजें मातींत असतात. तीं इतकीं चिवट असतात कीं कार्बोलिकच्या पाण्यांत क्षणभर बुडविल्यानें मरत नाहींत. चिमटा चांगला उकळावा किंवा ज्योतीवर जाळावा लागतो. शिवाय, बाटली उघडतांना तिला दुर्गंधी नव्हती; आंत तीं बीजें महिनाभर वाढलीं असतीं तर ती सुटली असती. जुलै १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस व इतर जंतुशास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षीं सरकारनें त्यांना पुन्हां हिंदुस्थानांत नेमलें, पण कलकत्त्यास. १९२५ मध्यें परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

मी जन्मभर मुलांना शिकविलें. पुस्तकांतील नियम पाठ होण्यास एक दिवस पुरतो. तोच नियम हाताच्या अंगवळणीं पडण्यास वर्षें लागतात. म्हणूनच लस व औषधें तपासण्याचें शिक्षण व्याख्यानांनीं पुरें होत नाहीं. चिमटा ज्योतीवरून काढावा, बोळा कोठेंहि न टेकवितां परत बसवावा, प्रत्येक बाटलींतील थेंब पोषक द्रवांत घालून कांहीं उगवतें काय तें दिवसानुदिवस पाहावें, ही संवय विद्यार्थ्याला पुन्हां पुन्हां करून लागते. आणि चिमटा पडलाच, तर तो बाजूस ठेवून दुसरा घेण्याइतकी सावधगिरी व तसें सांगण्याइतकें धैर्य त्याच्या अंगीं असावें. मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांचें आपणांवर एवढें ऋण आहे.